पिवळे दिवे

सलालाच्या डोंगरावर धुकं उतरलं की मुसल्लमच्या पोटात दुखायला लागायचं. चुलतभाऊ सुहैलच्या पिकअपचे पिवळे फॉगलाइट दिसले रे दिसले, की मुसल्लमनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली त्याची सांडणी समहा तिकडेच धावायची.

"सगळा त्या दिव्यांचा तोरा," असं म्हणत त्यानं शुक्रवारी आपल्या पिकअपच्या बंपरला भोकं पाडली, बॅटरीपासून वायरी ओढल्या, रिले जोडला आणि सुहैलच्यापेक्षा मोठे दिवे बसवले. संध्याकाळी डोंगरावर जाऊन बटण दाबलं. समहा धावत आली आणि पिकअपचा रिकामा हौदा हुंगून पुन्हा धुक्यात दिसेनाशी झाली.

तिकडून सुहैलचा आवाज आला, "दादा, जास्तीचा फ्यूज आहे का? माझे दिवे कालपासून बंद आहेत. आणि तुझ्या समहाला आवर, माझ्या उंटांच्या खाण्यासाठी आणलेल्या सुक्या तारली माशांचं अख्खं पोतं फस्त करतेय."