पहिला संदर्भ

"या पुस्तकाची कुणी दखल घेतल्याचा छापील पुरावा नाही. लेख आज काढून टाकतो," स्वयंसेवक संपादक सुहृदने ऑनलाइन ज्ञानकोशाच्या चर्चापानावर लिहिलं.

लेख लिहिणाऱ्या निवृत्त ग्रंथपाल इंदुमतीबाई आठवडाभर कौतुक शोधत होत्या. एकही ओळ मिळाली नव्हती. आता त्या वाचनालयात गेल्या आणि पुस्तकाने ज्या पक्षाचे वाभाडे काढले होते, त्याच्याच साप्ताहिकाचे जुने बांधीव अंक उघडले. तीन अंक भरून शिव्या होत्या. बाईंनी पानांचे फोटो पाठवले.

"बाई, यांनी तर प्रकरणवार फाडलंय," सुहृदचं उत्तर आलं. "एवढी दखल पुरे. लेख राहतो."

शेवटच्या अंकात, पन्नास वर्षांपूर्वी, साप्ताहिकाच्या संपादकाने बजावलं होतं, 'वर्षभरात हे पुस्तक कुणाला आठवणारही नाही.'

बाईंनी लेखात पहिला संदर्भ तोच लावला.