निळे हात

मोठे सर, राऊंडच्या वेळी जंतुदिवा बंद ठेवायचा हुकूम तुम्हीच काढलात आणि सात नंबरच्या कॉटवरची जखम चिघळली तेव्हा मेमो मात्र शिकाऊ नर्सच्या हातात कोंबलात.

हर्षाली कोळेकर तो मेमो घेऊन वॉर्डाच्या दारात उभी होती. दारावरच्या दिव्याखाली हात धरले की त्यांवरचे जंतू निळे चमकतात आणि निळ्या हातांनी कुणीही आत यायचं नाही, असा नियम होता. धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. सात नंबरच्या यमुनामावशींच्या पायाचं ड्रेसिंग काल तिनेच केलं होतं, अगदी स्वच्छ. मग राऊंड झाला आणि मोठ्या सरांनी पट्टी उचलून जखम बोटाने दाबून पाहिली. आज तिथे पू होता. मेमोवर सही केली की चूक तिची ठरणार आणि हर्षालीचं ट्रेनिंग तिथेच बंद होणार.

"कर गं सही," मेट्रन गावितबाई म्हणाल्या. "सरांचा मान ठेवावा लागतो."

"ठेवा की!" यमुनामावशी कॉटवरून कण्हत बोलल्या. "पण साहेब आलेत, वाट सोडा, असं त्या जंतूंना कोण सांगणार?"

तेवढ्यात सर आले. गावितबाईंनी सवयीने दिवा बंद केला. हर्षालीने तो पुन्हा लावला. सरांचे हात मनगटापर्यंत निळे झाले. तिने आपले सोललेले हात त्यांच्या शेजारी धरले. ते निळे झाले नाहीत.

"सर, काल मावशींची पट्टी कुठल्या हाताने उचललीत? मेमोवर तेवढं लिहा, मग मी सही करते."