पाचवा कॅमेरा

"खारी!" लायलने रानात झाडाला बांधायचा स्वयंचलित कॅमेरा काउंटरवर आपटला. "दोनशे चाळीस फोटो, व्हर्न, आणि सगळ्या खारी!"

"गुटगुटीत आहेत पण," दुकानदार व्हर्न नाक शिंकरत म्हणाला. त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं; विस्कॉन्सिनच्या त्या गावात त्याला सर्दीबद्दल कोणी विचारतही नसे.

"थट्टा पुरे. पहिल्या कॅमेऱ्यात नुसत्या शेपट्या आल्या. दुसऱ्याच्या बॅटऱ्या थंडीने मेल्या. हा तिसरा. आणि शिकारीचा हंगाम शनिवारी उघडतोय."

लायलची बायको आर्डिस शेजारी हातमोजे चाळत उभी होती. "कॅमेऱ्याचा काय दोष? तो बिशप दुसऱ्या रानात गेला असेल."

बिशप म्हणजे अकरा टोकांच्या शिंगांचा हरणाचा नर. तीन वर्षं तो लायलच्या रानात फिरत होता. गेल्या हंगामात बंदूक खांद्याला लागेपर्यंत धुक्यात विरघळला होता.

"तो कुठे जात नाही," लायल म्हणाला. "माझंच रान आहे त्याचं."

जूनमध्ये लायलची बायपास झाली होती. मचाणाची शिडी सोळा फुटांची. डॉक्टर नको म्हणाले, लायल हो म्हणाला, आणि महिनाभर घरात भांडी आपटली. शेवटी तह झाला: गुरुवारी अंधार पडेपर्यंत बिशप कॅमेऱ्यात दिसला तर लायल चढणार. नाही दिसला तर यंदा घरी. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

टेकडीचा चढही त्याला झेपत नव्हता, म्हणून रानात आर्डिस जाई. लायलने शिकवल्याप्रमाणे झाडामागून येऊन आधी कॅमेरा बंद करी, मग कार्ड बदलून आणी. लायल चष्मा लावून खारी बघत बसे.

"हा घे," व्हर्नने एक डबा पुढे सरकवला. "अंधारात याचा उजेड हरणाला दिसत नाही. आणि फोटो निघाला की थेट तुझ्या फोनवर. कार्डाची भानगडच नाही."

"तिथे रेंज कुठेय?" आर्डिस पटकन म्हणाली.

"टेकडीवर आहे की."

"साधा कार्डवालाच दे रे, व्हर्न. मी आहे ना जायला. तेवढंच चालणं होतं माझं."

लायलने दोन्ही डबे उलटेपालटे करून पाहिले. उजेड, वेग, बॅटऱ्या. गेले सहा आठवडे तो हेच वाचत होता. डोकं नुसतं भणभणलं होतं. "दे कार्डवाला," तो शेवटी चडफडत म्हणाला.

घरी येऊन त्याने शिकारीचं नारिंगी जाकीट बिनवासाच्या साबणाने पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा.

"अगं, तुझी ती लव्हेंडरची वडी इथून उचल! एवढ्याशा वासाने बिशप मैलभर पळेल. आणि परवाच नवी काढली होतीस ना? साबण खातेस की काय?"

"चर्चच्या जेवणासाठी रोज लेफ्साच्या पोळ्या लाटतेय मी. हातांचा बटाट्याचा वास जात नाही," आर्डिस म्हणाली. मग जाकिटाची बाही पिळायला तिनेच हात लावला. "दम लागतोय तुला. बस जरा."

"मला कोणी बस म्हणायचं नाही!"

जाकीट झटकून तिने शेगडीजवळच्या खुर्चीवर पसरलं.

बुधवारी ती अंघोळीला गेल्यावर लायलने व्हर्नला फोन लावला. "तो फोनवाला मचाणासमोर बांधून ये. आर्डिसला बोलू नकोस. बिशप आला की फोन तिच्या नाकासमोर धरायचाय."

"आणि नाही आला तर?"

"तर तू कॅमेरे विकणं सोड."

व्हर्न संध्याकाळीच बांधून आला. रानात सगळं ठीक आहे म्हणाला, आणि तीनदा शिंकला.

गुरुवार. दुपारचे साडेतीन. आर्डिस लेफ्सा लाटायला चर्चमध्ये गेली होती. लायल टेबलाशी बसला होता, समोर गार झालेली कॉफी, तिच्याशेजारी फोन. तासाभरात अंधार पडणार होता. फोन गप्प. खुर्चीवरच्या जाकिटाकडे त्याने एकदा पाहिलं आणि मान फिरवली. सत्तेचाळीस वर्षं, आणि एका खारीपायी.

फोन थरथरला.

पहिल्या फोटोत नुसता देवदाराचा बुंधा, मागे शिडी. लायल खुर्चीतून अर्धवट उठला. दुसऱ्या फोटोत डाव्या कडेला काहीतरी आत येत होतं. तपकिरी. मोठं. त्याचं काळीज धडधडू लागलं. त्याने छातीवर हात दाबला आणि तो हसला.

तिसऱ्या फोटोत तपकिरी कोटातली आर्डिस होती. टाचा उंचावून, कणीक मळावी तसा दोन्ही हातांनी जोर लावून, ती लव्हेंडरची वडी बुंध्यावर घासत होती.