कोणाच्या आधाराने

रुग्णाला पलंगावरून सुरक्षितपणे कसे उठवावे आणि चालवावे, हे हिमानी बुऱ्हाणपूरच्या एका इस्पितळात मदतनिसांना शिकवीत असे: कमरेला पट्टा, दुबळ्या बाजूला आपण, आणि दंड धरून ओढणे सर्वथा वर्ज्य. अर्धांगवायू झालेली तिची स्वतःची आई, भागाबाई, मात्र तिच्या हातांत केळीच्या घडासारखी लोंबत राही. आणि जिने असा पट्टा कधी हातातही धरला नव्हता, ती भावजय कोमल नुसता दंड धरून तिला थेट ओट्यापर्यंत चालवीत नेई. वर त्यांच्या सिंधीपुरा मोहल्ल्यातल्या बाया म्हणत, "लेकीपेक्षा सून बरी निघाली."

आपल्या मत्सराला 'शास्त्राची चिंता' असे भारदस्त नाव देऊन हिमानीने महिना काढला. अखेर एका दुपारी, कोमल बाजारात गेलेली पाहून, तिने विचारलेच, "आई, माझ्यापेक्षा तिच्यावर तुझा जास्त भरोसा आहे का?"

 

"भरोसा तुझ्यावरच आहे, बाई. म्हणून तर तू धरलं का मी बिनघोर अंग टाकून देते," भागाबाई म्हणाली. "तिनं धरलं का पडायच्या भीतीनं मलाच पाय रोवावे लागतात."