धाकट्या जावेचा पदर
नामांतराच्या बंदमुळे भेटीचा आठवडा चुकला होता, म्हणून परभणीच्या वृद्धाश्रमात शिरतानाच केशरबाईंची नजर संशयाने फिरत होती. त्यांची धाकटी जाऊ खाटेवर बसली होती. तिला घरच्यांची नावेही आठवत नसत. "काकू, कुठं दुखायलंय का?" सेविकेने विचारले. "न्हाई बाई." सेविकेने तक्त्यावर लिहिले: दुखणे नाही. "अगं, ही बाळंतपणातबी न्हाईच म्हणायची!" केशरबाई उसळल्या. त्या दाराआड गेल्या आणि वारलेल्या सासऱ्यांसारख्या खाकरल्या. पन्नास वर्षांच्या सवयीने जावेचा उजवा हात पदराकडे निघाला, छातीशी अडला आणि मांडीवर पडला. मग डाव्या हाताने तिने पदर कसाबसा डोक्यावर ओढला. केशरबाईंनी चोळी हळूच सरकवली. खांदा काळानिळा पडला होता. सेविकेने तक्त्यावरचे 'दुखणे नाही' खोडले. "डॉक्टरांना बोलवा," केशरबाई कडाडल्या. मग जावेशेजारी बसून म्हणाल्या, "रड गं आता. मामंजी रानात गेलेत."