तळ्यावर सांगायची गोष्ट

"सुरुवात तू कर, पुढचं मी सांभाळते," आई गाडीतून उतरता उतरता हळूच म्हणाली. बाबाने मान डोलावली. ठकी आणि गब्बू मक्याच्या दाण्यांची पिशवी घेऊन केव्हाच तळ्याकडे पळाले होते.

आज मुलांना सांगून टाकायचं ठरलं होतं. बाबा लिफ्टदुरुस्तीच्या रात्रपाळीला जातो, ही थाप किती दिवस पुरणार? लिफ्ट झाल्या म्हणून काय रोज रात्री बिघडतात? त्याने कामाच्या जागेजवळ खोली घेतली होती. तिथे एक खाट, एक खुर्ची आणि खुंटीला टांगलेले त्याचे शर्ट, एवढाच संसार. मुलांना सांगितल्याशिवाय वकिलाकडे जायचं नाही, या एकाच गोष्टीवर सध्या दोघांचं एकमत होतं.

आईच्या मैत्रिणीने सुचवलं होतं, की असलं काही मोकळ्या जागी, मुलांचे हात गुंतलेले असताना सांगावं. म्हणून तळं.

बदकं लगेच काठाशी जमली. हंस मात्र रुसलेल्या पाहुण्यांसारखे लांब उभे होते. ठकीने दाणे फेकून फेकून त्यांची समजूत काढली.

बाबाने घसा साफ केला. "पोरांनो, जरा इकडे या. आईला आणि मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

तोच गब्बूने भोकाड पसरलं. हंस चावला म्हणे. बोटावर साधा ओरखडाही नव्हता, पण आईने फुंकर घालून घालून ते बरं केलं.

मग आईने विषय काढला, तर ठकीचा बूट पाण्यात. बाबा विजार दुमडून तळ्यात उतरला आणि एक हंस त्याच्या मागेच लागला. लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात बिनधास्त उतरणारा हा गडी बूट छातीशी धरून धूम पळत सुटला. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाबा बघतच राहिला. ती अशी हसते हे तो विसरूनच गेला होता, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

शेवटी दोघांनी मन घट्ट करून मुलांना बाकावर मध्ये बसवलं.

"कधी कधी मोठ्या माणसांना..." बाबाने सुरुवात केली आणि गब्बूच्या पोटात कळ आली. तो असा काही वाकडातिकडा झाला, की बाबाने त्याला उचलून थेट गाडी गाठली.

मागच्या सीटवर गब्बूची कळ हळूहळू शमली. दोघं मुलं डोळे मिटून एकमेकांवर रेलली. बाबा गाडी सुरू न करता नुसताच बसून राहिला.

"आज राहू दे," आई म्हणाली.

"वकिलाला काय सांगू?"

"सांग, अजून जमलं नाही. पुढच्या रविवारी परत इथेच येऊ." तिने त्याच्या ओल्या विजारीकडे पाहिलं. "आणि आता घरी येऊन कपडे बदल. तुझी जुनी पँट आहे अजून कपाटात."

बाबाने गाडी सुरू केली.

इंजिनाच्या आवाजात ठकीने एक डोळा उघडला आणि गब्बूच्या कानाशी तोंड नेलं.

"पुढच्या रविवारी पोट माझं दुखेल. तू बुटाचं बघ."