एन्शंट माणसं

‘एन्शंट’ म्हणताना जमुनाची जीभ पुन्हा अडखळली, आणि पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आलीसुद्धा.

“जाऊ दे, जमुनाताई. नाही जमलं तर लाँग लाँग अगो म्हणा,” हितेश घाईघाईने म्हणाला. एडवणच्या किनाऱ्यावरचं ते पाहुणघर त्याचं. भिंतीवर वारली चित्र काढून दाखवायचं आणि दोन वाक्यं इंग्रजीत बोलायची, एवढं साधलं तर दर शनिवारी काम, असं त्याने कबूल केलं होतं. जमुनाला ते हवंच होतं. यंदा तिला घर सोडून वीटभट्टीवर जायचं नव्हतं.

सकाळपासून तो शिकवत होता. लाँग लाँग अगो म्हणजे आज्या-पणज्याच्या वेळचं. वन्स अपॉन अ टाइम गोष्टीपुरतं. ते खरंच घडलेलं असेल असं नाही. एन्शंट टाइम्स म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं, काचेच्या कपाटात ठेवतात तसलं. “पाहुण्यांना हेच जास्त आवडतं,” त्याने सांगून ठेवलं होतं.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. जमुनाने कालवलेल्या तांदळाच्या पिठात काडी बुडवली. गेरूच्या भिंतीवर विळा घेतलेला माणूस उमटला, मग डोक्यावर भारा घेतलेली बाई. हात चालू लागला तशी जीभही सुटली.

“एन्शंट टाइम्स, वारली पीपल!” ती ठणकावून म्हणाली.

टाळ्या पडल्या. हितेशचा जीव भांड्यात पडला.

पुढे बसलेली सात-आठ वर्षांची परदेशी मुलगी मात्र टाळ्या न वाजवता उठली. भिंतीपाशी येऊन तिने हळूच काहीतरी विचारलं. तिचे डोळे भरले होते.

“काय म्हणते पोर?” जमुना घाबरली.

हितेश ओशाळला. “विचारतेय, ही माणसं मेली कशी? एकही उरलं नाही का?”

जमुनाने भिंतीकडे पाहिलं. मग तिला असं हसू फुटलं की हातातली काडी खाली पडली. शनिवार गेला तर गेला. ती मुलीपुढे उकिडवी बसली आणि चित्रातल्या माणसाकडे बोट दाखवत म्हणाली,

“हितेशभाऊ, सांग तिला. हा जिवल्या, माजा नवरा. ही माजी जाऊ, पारू. भात कापायला गेलीत, दुपारी जेवायला घरी येतील. आई धाडत असली तर चल म्हणावं माज्यासंगं.”